कर्करोगाचे रक्तदर्शक आणि स्त्रीचे चयापचय-आरोग्य
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संस्थेच्या जीवनातील पन्नासावे वर्ष हे जसे कृतज्ञतेचे, तसेच नव्या संकल्पांचेही वर्ष असते. अशा वर्षात आरोग्य शिबिरे भरविण्याची प्रथा सर्वत्र रुजली आहे आणि ती स्तुत्यच आहे. मात्र या शिबिरांच्या पत्रकांतून एक शब्दप्रयोग वारंवार वाचावयास मिळतो, तो म्हणजे स्त्रियांसाठी सवलतीच्या दरात ‘कॅन्सर मार्कर’ तपासणी. सीए-१२५, सीईए, सीए १५-३, सीए १९-९ अशी नावे त्यापुढे ओळीने छापलेली असतात. एक चमचाभर रक्त द्यावे आणि कर्करोगाच्या भीतीतून कायमचे मुक्त व्हावे, ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे. देणगीदारालाही तीत पुण्यकार्याचे समाधान लाभते.

या मोहाला वैद्यकशास्त्राचा आधार किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच सांगणे योग्य ठरेल. कोणतीही तक्रार नसलेल्या, घराण्यात विशेष धोका नसलेल्या स्त्रीला या रक्तदर्शकांचा लाभ जवळजवळ नाही, उलट हानी होण्याचा संभव आहे. याउलट कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी या साध्या गोष्टी तिच्या भवितव्याविषयी पुष्कळ काही सांगतात, आणि त्यांत बदल घडविणे तिच्या हाती असते.

रक्तदर्शक म्हणजे काय?

कर्करोगाच्या पेशी काही विशिष्ट प्रथिने वा शर्करायुक्त रेणू अधिक प्रमाणात निर्माण करतात आणि त्यांचा काही अंश रक्तात उतरतो. त्यांनाच ‘ट्यूमर मार्कर’ किंवा अर्बुद-दर्शक म्हणतात. १९६५ साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात आढळणारा ‘सीईए’ शोधला. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगपेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. त्याच्या क्रमांकावरून सीए-१२५ हे नाव रूढ झाले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हे रेणू केवळ कर्करोगाचेच अपत्य नव्हेत, निरोगी शरीरही ते निर्माण करते. सीए-१२५ हा उदरपोकळीच्या, फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या आवरणांतून, तसेच गर्भाशयाच्या अस्तरातून स्रवतो. या आवरणांना कोणत्याही कारणाने दाह झाला, की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. त्याची सर्वमान्य मर्यादा ३५ एकक आहे, परंतु मासिक पाळीच्या दिवसांत, गरोदरपणाच्या आरंभी, एंडोमेट्रिओसिसमध्ये, गर्भाशयातील साध्या गाठींमध्ये, यकृताच्या जुनाट विकारात आणि हृदय दुर्बल झाले असतानाही ती ओलांडली जाते. भारतात तर आणखी एका कारणाचे भान ठेवावे लागते आणि ते म्हणजे पोटाचा क्षयरोग. त्यात पोटात पाणी साठते, वजन घटते आणि सीए-१२५ शेकड्यांच्या घरात जातो. चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखे दिसते, पण रोग औषधांनी पूर्ण बरा होणारा असतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अंडाशयाचा कर्करोग अगदी पहिल्या अवस्थेत असतो, तेव्हा सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये सीए-१२५ वाढलेलाच नसतो. लोकसंख्येतील काही टक्के व्यक्तींच्या शरीरात जन्मतःच सीए १९-९ तयार होत नाही, त्यामुळे स्वादुपिंडाचा कर्करोग होऊनही त्यांचा अहवाल कोराच राहतो. अर्थात वाढलेला आकडा म्हणजे रोग नव्हे आणि ‘नॉर्मल’ आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे.

साध्या हिशेबातील सत्य

चाचणी चांगली असूनही ती निरोगी जनसमूहात का फसते, हे समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. रजोनिवृत्ती झालेल्या एक लाख स्त्रिया घेतल्या, तर त्यांपैकी सुमारे ४० जणींना त्या वेळी अंडाशयाचा कर्करोग असेल. चाचणी १०० निरोगी स्त्रियांपैकी ९९ जणींना अचूकपणे निरोगी ठरविते, असे मानू. तरीही उरलेल्या एक टक्क्याच्या हिशेबाने सुमारे एक हजार निरोगी स्त्रियांच्या हाती ‘वाढलेला’ अहवाल पडेल. म्हणजे चाचणीने ४० पैकी ३० रोगी जरी शोधले, तरी त्या तीस जणींसोबत एक हजार जणींची झोप उडेल. त्यानंतर सोनोग्राफी, पुढे सीटी स्कॅन आणि काही वेळा शस्त्रक्रिया अशी साखळी सुरू होते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांवर एक मोठी चाचणी घेण्यात आली. निम्म्या स्त्रियांना दरवर्षी सीए-१२५ आणि योनीमार्गे सोनोग्राफी करण्यात आली, उरलेल्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात अंडाशयाच्या कर्करोगाने ११८, तर दुसऱ्या गटात १०० मृत्यू झाले होते. तपासणीने एकही जीव वाचल्याचे दिसले नाही. मात्र ३,२८५ स्त्रियांना रोग नसताना रोगाचा संशय सांगितला गेला, त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली.

ब्रिटनमध्ये याहून मोठा प्रयोग झाला. २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रियांची नोंदणी झाली. तेथे सीए-१२५ च्या एका आकड्यावर विसंबून न राहता वर्षानुवर्षांच्या चढउतारांचा अभ्यास करण्यात आला. काही रोगी लवकरच्या अवस्थेत सापडलेही. तथापि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात मृत्यूंच्या संख्येत फरक आढळला नाही. लवकर कळणे आणि जीव वाचणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, हा या प्रयोगाने दिलेला कठोर धडा होय.

रक्तदर्शकांचे खरे स्थान

याचा अर्थ ही चाचणी निरुपयोगी आहे, असा कोणी करू नये. तिचे स्थान निराळे आहे. द्राक्षगर्भासारख्या विकारात, वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या रोगात, एचसीजी या दर्शकाचा आकडा जवळजवळ संपूर्ण उपचाराचा मार्गदर्शक असतो. अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीमध्ये औषधोपचाराचा परिणाम होतो आहे की नाही, हे सीए-१२५ च्या उतरत्या आकड्यावरून कळते. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सीईएची नियमित तपासणी उपयुक्त ठरते.

तक्रार असलेल्या स्त्रीसाठीही या चाचणीला अर्थ आहे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली पोटाची फुगी, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे अशी लक्षणे महिन्यातून बारा दिवसांहून अधिक वेळा जाणवत असतील, तर ‘गॅसचा त्रास’ म्हणून त्यांवर पडदा टाकू नये. अशा वेळी सीए-१२५ आणि सोनोग्राफी करणे शास्त्रसंमत आहे. आई, बहीण वा मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर शिबिरातील चाचणीपेक्षा आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला अधिक मोलाचा ठरतो.

एक छोटी, परंतु व्यवहारात महत्त्वाची सूचना येथेच करावीशी वाटते. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही यंत्रांवरील रक्तचाचण्यांत गोंधळ घडवितात आणि दर्शकाचा आकडा खोटाच कमी दाखवू शकतात. रक्त देताना त्या गोळ्यांची माहिती प्रयोगशाळेस अवश्य द्यावी.

चयापचय : दुर्लक्षित दर्शक

शरीरात गेलेल्या अन्नाचे रूपांतर, साठवण आणि विनियोग यांचे जे अखंड कार्य चालते, ते चयापचय होय. त्याचे आरोग्य पाच मोजमापांवरून ओळखता येते. दक्षिण आशियाई स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटर वा अधिक असणे, रक्तदाब १३०/८५ वा त्याहून अधिक असणे, उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम वा अधिक असणे, ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम वा अधिक असणे आणि एचडीएल हे हितकारक कोलेस्टेरॉल ५० मिलिग्रॅमहून कमी असणे, यांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आली, की त्यास चयापचय-विकृतीचा समूह, अर्थात ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात.

भारतीय देहाची यात एक खास अडचण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती जगापुढे मांडली. २००४ साली त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त, असा हा भारतीय देह आहे. म्हणूनच काट्यावरील वजनापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि सुमारे १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था आहे.

पोटावरील चरबी हे केवळ साठवणीचे कोठार नव्हे. ती एक जागृत ग्रंथी आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय विश्रांती घेतात, पण चरबीच्या पेशी आपल्या रसायनांनी इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवीत राहतात. त्याच वेळी रक्तात इन्सुलिन वाढलेले असते. ते पेशींना वाढण्याचा संदेश देते आणि इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. प्रतिकार करणारे प्रोजेस्टेरॉन या वयात उरलेले नसते. परिणामी गर्भाशयाच्या अस्तराला आणि स्तनाच्या ऊतींना वर्षानुवर्षे वाढीचे इशारे मिळत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली अतिरिक्त चरबीशी संबंध सिद्ध झालेल्या १३ कर्करोगांची यादी दिली. त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा, रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनांचा, अंडाशयाचा, मोठ्या आतड्याचा, पित्ताशयाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग येतो. पत्रकावर छापलेले दर्शक ज्या अवयवांसाठी मिरविले जातात, त्यांतील बहुतेक अवयव या यादीत आहेत. अतिस्थूल स्त्रीमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका प्रमाणबद्ध स्त्रीच्या सुमारे सातपट आढळला. आणि या रोगाचा प्राथमिक इशारा देणारी चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत विकत मिळत नाही, कारण तो इशारा शरीर स्वतःच देते. पाळी थांबल्यानंतर पुन्हा झालेला रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, हाच तो इशारा. या कर्करोगाच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणींमध्ये हे लक्षण असते. असा स्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींनाच कर्करोग निघतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र संकोचाने गप्प राहण्यास मुळीच वाव नाही. तरुण वयात पीसीओएसमुळे महिनोन्‌महिने पाळी न येणाऱ्या मुलींच्या मातांनीही हे लक्षात ठेवावे. ‘पाळी नाही तर कटकट नाही’ हा समज धोक्याचा आहे.

दोन्ही विषय जेथे भेटतात

चयापचय बिघडले की रक्तदर्शकांचे आकडेही हलतात. रक्तातील साखर फार वाढलेल्या मधुमेही व्यक्तींमध्ये सीए १९-९ काहीसा वाढलेला आढळतो आणि साखर आटोक्यात आल्यावर तो खाली येतो. सीईएची विल्हेवाट यकृत लावते, त्यामुळे यकृताच्या विकारात, तसेच तंबाखूच्या धुरामुळे त्याचा आकडा चढतो. मधुमेही स्त्रीने शिबिरात सीए १९-९ करविला आणि तो मर्यादेच्या थोडा वर आला, तर घरात कर्करोगाची चर्चा सुरू होते आणि ज्या साखरेकडे पाहावयाचे, ती बाजूलाच राहते.

तथापि येथेही विवेक हवा. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह उद्भवला आणि प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरू लागले, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घेणे आवश्यक असते. असा नवा मधुमेह जडलेल्या शंभरांतील एखाद्या व्यक्तीत पुढील तीन वर्षांत त्या अवयवाचा कर्करोग उघड होतो. म्हणून आकडा कधीही एकटा वाचू नये. त्याच्यासोबत वय, लक्षणे, वजनाची दिशा आणि साखर यांचे वाचन वैद्याने करावयाचे असते.

बदल शक्य आहे

रक्तदर्शकाचा आकडा स्त्रीच्या प्रयत्नाने बदलत नाही, चयापचय बदलते. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहार आणि चालणे यांतील सुधारणेने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत ज्यांचे वजन पाच टक्के वा अधिक कमी झाले, त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग २९ टक्क्यांनी कमी आढळला. सत्तर किलो वजनाच्या स्त्रीसाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. हे असाध्य नाही.

घरोघरीचे चित्र पाहिले, तर आहार शाकाहारी आणि सात्त्विक असतो, पण ताटात पोळी, भात, फरसाण आणि मिठाई यांचा भार अधिक आणि डाळी, मूग, मटकी, चवळी यांचा वाटा कमी असतो. अन्न वाया जाऊ नये म्हणून सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी पातेल्यातील उरलेले संपविते. ही काटकसर तिच्या कमरेवर जमा होते. त्याऐवजी मोजके रांधणे हीच खरी काटकसर. रोज अर्धा तास जलद चालणे, आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि पुरेशी झोप, एवढे पथ्य कोणत्याही औषधाहून स्वस्त आहे.

उपवास हा श्रद्धेचा आणि संयमाचा विषय आहे, त्याला औषधाचे रूप देण्याची गरज नाही. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या भगिनीने पर्युषणात दीर्घ उपवास वा अठ्ठाई करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. न विचारता नेहमीची मात्रा घेतल्यास साखर जीवघेणी उतरू शकते. पारणेही गोडाने न करता हलक्या आहाराने करावे, हे उत्तम.

सेवाकार्याला दिशा

मग शिबिरात काय असावे? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीतच मिळालेले आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखातील एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली चाचणी त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकते, हे त्यातून दिसले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. या दुसऱ्या उपायात महागडी यंत्रे नव्हती. प्रशिक्षित हात, नीट ठेवलेली नोंद आणि सापडलेल्या रोग्याला उपचारापर्यंत नेणारी व्यवस्था होती.

म्हणून धर्मादाय संस्थांनी रक्तदर्शकांच्या संचावर होणारा खर्च टेप, रक्तदाबमापक, साखर व चरबीची चाचणी, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी यांकडे वळवावा. स्त्री डॉक्टर असावी, आडोसा असावा आणि ‘पाळी गेल्यानंतर कधी स्राव झाला का?’ हा प्रश्न प्रत्येक भगिनीला हळुवारपणे विचारला जावा. शिबिर संपल्यावर ज्यांच्या अहवालात दोष निघाला, त्यांचा सहा महिने पाठपुरावा करणारा एक कार्यकर्ता नेमावा. शिबिराचे यश उपस्थितीच्या संख्येने मोजू नये, उपचारापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांच्या संख्येने मोजावे.

ज्या भगिनींच्या हाती आधीच वाढलेल्या दर्शकाचा कागद असेल, त्यांनी तो फाडू नये आणि त्याने खचूनही जाऊ नये. तो घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे, पाळीची तारीख, चालू औषधे आणि जुने आजार सांगावेत. बहुधा काही आठवड्यांनी फेरतपासणी आणि एक सोनोग्राफी एवढ्यानेच शंका मिटते.

भय हे आरोग्याचे रक्षक होऊ शकत नाही. ज्ञान, वेळेवर उच्चारलेली तक्रार आणि नित्याचा संयम हेच त्याचे खरे रक्षक होत. सुवर्णमहोत्सवानिमित्त या समाजातील प्रत्येक मातेला आणि भगिनीला असे निर्भय, निरामय आयुष्य लाभो, हीच मंगल कामना.